शिंपला पोखरणारे स्पंज

(किनारपट्टीच्या तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



समुद्राच्या पुळणीवर सापडणारे शिंपले नीट निरखून पाहिले, तर त्यांत दोन प्रकारची भोके आढळतात. काही शिंपल्यांना एकच भोक असते. ते अगदी गोल, कडेला उतरते, जणू सुताराने सामत्याने पाडलेले. मुली त्यातून दोरा ओवून माळा करतात. हे काम एका मांसाहारी गोगलगाईचे असते. दुसऱ्या प्रकारच्या शिंपल्यांवर मात्र एक नव्हे, दहा नव्हे, तर कित्येक बारीक भोके विखुरलेली दिसतात. असा शिंपला बोटांत दाबला की तो मोडतो आणि आत पाहावे तो पोकळ्यांचे जाळे. भुंग्याने पोखरलेल्या वाशाची आठवण व्हावी असे. हा दुसरा कारागीर म्हणजे स्पंज होय. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि माहिती खात्यातील मनुष्याला न शिकलेल्या विषयांचीच माहिती अधिक द्यावी लागते, आणि त्यात एक लाभही असतो. जे आपल्याला स्वतःला समजलेले नाही ते इतरांना सांगण्याचे धाडस आपण सहसा करीत नाही.

स्पंज म्हटला की पाटी पुसण्याचा स्पंज डोळ्यांसमोर येतो. आज बाजारात मिळणारा बहुतेक स्पंज कारखान्यात तयार झालेला असतो. परंतु मूळ वस्तू हा एक प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. तो जागेवरून हलत नाही. म्हणूनच शतकानुशतके विद्वानांना तो वनस्पती आहे की प्राणी हे ठरविता आले नव्हते. त्याच्या अंगावर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्या रंध्रांवाटे समुद्राचे पाणी आत येते, आतील नलिकांतून फिरते आणि मोठ्या छिद्रावाटे बाहेर पडते. ही पाण्याची ये-जा चालू ठेवण्याचे काम आतील विशिष्ट पेशी करतात. अशा प्रत्येक पेशीला चाबकाच्या वादीसारखा एक तंतू असतो आणि त्याभोवती एक नाजूक कॉलर असते. तंतू सतत हलत राहतो, पाणी ओढले जाते आणि पाण्यातील जीवाणू व सूक्ष्म कण कॉलरीवर अडकतात. तेच स्पंजाचे अन्न. स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो एका दिवसात गाळून काढतो. जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी थोड्या गोड्या पाण्यात राहतात. बाकी सर्व समुद्रवासी.

या विशाल कुळातील एका छोट्या घराण्याने राहण्यासाठी विलक्षण जागा निवडली आहे. खडकावर किंवा वाळूवर घर न बांधता ते दुसऱ्याच्या घराच्या भिंतीत शिरून राहते. भिंत मात्र चुन्याची हवी. कालवाचा शिंपला, मोत्याच्या शिंपल्याची पाठ, गोगलगाईचा शंख, प्रवाळाचा सांगाडा, चुनखडीचा खडक, यांपैकी काहीही चालते. या घराण्याचे शास्त्रीय नाव क्लायोनेडी आणि त्यातील मुख्य प्रजातीचे नाव क्लायोना. हे नाव १८२६ साली रॉबर्ट ग्रँट यांनी दिले. ग्रँट हे एडिंबरोचे वैद्यकीचे पदवीधर. स्पंजाच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडताना त्यांनी स्वतः पाहिली आणि स्पंज हा प्राणीच आहे हे प्रस्थापित करण्यात मोठा वाटा उचलला. फर्थ ऑफ फोर्थ या खाडीतील कालवांच्या शिंपल्यांत त्यांना हा पोखरणारा जीव आढळला. शिंपल्याच्या भोकांतून त्याची पिवळी टोके बाहेर डोकावत आणि स्पर्श होताच आकसून आत जात. त्याच सुमारास सतरा-अठरा वर्षांचा एक विद्यार्थी ग्रँट यांच्याबरोबर त्या किनाऱ्यावर हिंडत असे. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

स्पंज सापडला, पण भोके त्यानेच पाडली असे कशावरून? हा वाद पुढे अनेक वर्षे रंगला. एका पक्षाचे म्हणणे असे की, किडे भोके पाडतात आणि हा मऊ, बिनदातांचा प्राणी त्यांत आयता येऊन राहतो. दुसऱ्या पक्षाचे पुढारी अल्बनी हँकॉक यांनी १८४९ मध्ये ठामपणे सांगितले की, खोदणारा स्पंजच आहे. मऊ जीव कठीण चुना कसा फोडील, ही शंका स्वाभाविकच होती. १८८३ मध्ये नासोनोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने कोवळे स्पंज शिंपल्याच्या पातळ पापुद्र्यांवर वाढवून हे खोदकाम प्रत्यक्ष पाहिले. मात्र त्याची खरी रीत उलगडण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९७३ मध्ये रुट्झलर व रीगर यांनी तिचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले.

ती रीत ऐकण्यासारखी आहे. स्पंजाच्या पुढच्या फळीवर काही खास पेशी असतात. अशी पेशी चुन्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसते आणि तिच्या कडेपासून अत्यंत बारीक धागे निघतात. हे धागे पृष्ठभागावर गोल रेघ आखतात आणि त्या रेघेवरचा चुना विरघळवीत खाली उतरतात. खाली जाताना ते आतल्या बाजूला वळतात व शेवटी एकमेकांना मिळतात. परिणामी वाटीच्या आकाराचा एक कण सुटा होतो. कलिंगडाचा गर चमच्याने गोल काढावा, तसे हे आहे. हा कण केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. सुटा झालेला कण पेशी मागे सरकवितात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर तो भोकावाटे फेकला जातो. मागे राहते ती एक खळगी. अशा असंख्य खळग्यांची मिळून खोली होते, खोल्यांना खोल्या जोडल्या जातात आणि शिंपल्याच्या जाडीत जणू एक चाळ उभी राहते. सर्व चुना विरघळवायचा ठरविले असते तर या दुर्बळ प्राण्याला तो खर्च परवडला नसता. त्याने फक्त कडा विरघळवावयाच्या आणि गाभा तसाच उचलून टाकावयाचा, अशी काटकसर केली आहे. विरघळलेला भाग दोन-तीन टक्केच असावा असे पूर्वी मानीत. २००७ साली तांबड्या समुद्रातील एका जातीवर केलेल्या मोजणीत मात्र विरघळून जाणारा चुना सुट्या कणांच्या तिप्पट भरला. तेव्हा काटकसरीचा हा हिशेब जातीनुसार बदलत असावा, असे म्हणणेच सुरक्षित.

खोदकामाच्या वेगाबद्दलही एक गंमत सांगतो; आकडेवारीचे अहवाल लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती ध्यानात ठेवावी अशी आहे. बर्म्युडा बेटांवरील एका जातीचा वेग १९६६ मध्ये मोजला गेला, तेव्हा पहिल्या शंभर दिवसांत चौरस मीटरमागे सहा ते सात किलोग्रॅम चुना बाहेर पडल्याचे दिसले. हा आकडा वर्षाच्या हिशेबात मांडला तर बेटेच्या बेटे नाहीशी व्हावयास हवीत. त्याच बेटांवर पुढे दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांवरून रुट्झलर यांनी १९७५ मध्ये जी सरासरी दिली, ती वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे पाव किलोग्रॅम होती. दोन्ही मोजण्या प्रामाणिक होत्या. नव्या जागेत शिरताना स्पंज घाईघाईने खोदतो आणि घर झाले की मंदावतो, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या तिमाहीचा आकडा चाराने गुणून वार्षिक प्रगती दाखविण्याचा मोह इतरत्रही होतो, हे आपणांस सांगावयास नको.

या स्पंजाच्या आयुष्यात तीन अवस्था संभवतात. पहिल्या अवस्थेत तो संपूर्णपणे चुन्याच्या आत असतो. बाहेर दिसतात ती फक्त भोकांतून डोकावणारी टोके. क्लायोना सेलाटा या जातीत ती हळदीसारखी पिवळी असतात. दुसऱ्या अवस्थेत ही टोके एकमेकांना मिळून पृष्ठभागावर सलग थर पसरतो. तिसऱ्या अवस्थेत स्पंज आपले घर खाऊन संपवितो आणि मोकळा, स्वतंत्र वाढू लागतो. सर्वच जाती तिन्ही अवस्थांतून जात नाहीत. बहुतेकींचा जन्म पहिल्या अवस्थेतच सरतो.

तिसऱ्या अवस्थेचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे 'नेपच्यूनचा पेला'. त्याचे शास्त्रीय नाव क्लायोना पटेरा. उंच दांड्यावर उभा असलेला हा पेला एक मीटरहूनही उंच वाढतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातील अधिकारी थॉमस हार्डविक यांनी सिंगापूरच्या समुद्रातून मिळालेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि ते १८२२ मध्ये कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मग काय व्हावयाचे ते झाले. जगभरच्या संग्रहालयांना तो हवासा झाला, शौकिनांनी तो दिवाणखान्यात ठेवला, लहान मुलांना आंघोळ घालण्याचे टब म्हणूनही तो वापरला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर सिंगापूरच्या समुद्रात तो दिसेनासा झाला व पुढे नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. शंभर वर्षांनंतर, २०११ मध्ये, सिंगापूरच्या सेंट जॉन्स बेटाजवळ पाणबुड्यांना तो पुन्हा जिवंत आढळला. त्यानंतर आणखी काही सापडले. आरंभी शिंपल्याच्या किंवा दगडाच्या तुकड्यात खोदकाम करणाऱ्या सूक्ष्म जीवाने पुढे एवढी वास्तू उभारावी, ही निसर्गाची नवलाई खरीच.

आता आपल्या समुद्राकडे वळू. भारतीय पोखरणाऱ्या स्पंजांचा पहिला पद्धतशीर अभ्यास नेल्सन अॅनंडेल यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक. त्याआधी सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांची जी सरकारी पाहणी झाली, तिच्या अहवालात आर्थर डेंडी यांनी १९०५ साली एका नव्या जातीचे वर्णन केले. ती मोत्यांचेच शिंपले पोखरताना आढळल्यामुळे तिला क्लायोना मार्गारिटिफेरी असे नाव मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ पी. ए. थॉमस यांनी मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर येथील प्रवाळांत राहणाऱ्या जाती १९७२ मध्ये नोंदविल्या आणि १९७९ मध्ये भारतीय समुद्रांतील शिंपल्यांची पैदास व प्रवाळ यांना या स्पंजांपासून पोहोचणाऱ्या उपद्रवाचा स्वतंत्र परामर्श घेतला. त्याच संस्थेने १९७३ मध्ये तुतिकोरीन येथे मोती पिकविण्यात यश मिळविले होते. त्यामुळे शिंपला कोण पोखरतो हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला राहिला नव्हता.

उपद्रव कसा होतो हे नीट समजून घेतले पाहिजे. स्पंज कालवाचे मांस खात नाही. त्याला हवी असते फक्त भिंत. परंतु भोक आतपर्यंत पोहोचू लागले की, कालवाला ते आतून बुजवावे लागते. बाहेरून खोदकाम आणि आतून लिंपण, असा हा झगडा महिनोन्महिने चालतो. जी शक्ती मांसात जावयाची ती लिंपणात जाते, कालव रोडावते. शिंपला ठिसूळ होतो, काढताना मोडतो आणि बाजारात भाव मिळत नाही. मोत्याच्या शिंपल्याबाबत नुकसान आणखी मोठे, कारण तो वर्षानुवर्षे सांभाळावयाचा असतो. आपल्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी कालवे काढणाऱ्या स्त्रिया आणि आता कालवपालनाकडे वळणारे गट यांनी हा शत्रू ओळखून ठेवला पाहिजे. उपाय अवघड नाहीत. स्पंजाला वारा आणि गोडे पाणी फार काळ सोसत नाही. कालव मात्र शिंपले मिटून काही काळ तग धरते. या फरकाचाच उपयोग कालवपालक करतात. जाळ्या ठराविक काळाने पाण्याबाहेर काढून ठेवणे, कालवे थोडा वेळ गोड्या किंवा अतिखाऱ्या पाण्यात बुडविणे, भोके पडलेले मृत शिंपले वेळीच बाजूला करणे, असे हे उपाय आहेत. किती वेळ, किती खारे, हे मात्र मत्स्यव्यवसाय खात्याच्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. ऐकीव प्रमाणाने कालवही मरते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडावते हा निसर्गाचाच उपचार आहे; तरी काही जाती बीजासारख्या कठीण गोळ्या करून प्रतिकूल दिवस काढतात, हेही लक्षात असावे.

प्रजोत्पादनाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, अंड्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या काही तास ते काही दिवस पोहतात आणि चुना लाभला की तेथे स्थिरावतात. मोडलेल्या शिंपल्यातील स्पंजाचा जिवंत तुकडाही नव्या जागी रुजू शकतो. म्हणून रोगट शिंपले पुन्हा खाडीत टाकू नयेत.

एवढे ऐकल्यावर हा प्राणी केवळ उपद्रवीच, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. दरवर्षी समुद्रात मरणाऱ्या शिंपल्या-शंखांचा चुना कोणी मोडलाच नाही तर तो साचतच राहील. स्पंज तो मोडतो, विरघळवितो, परत समुद्राला देतो. प्रशांत महासागरातील फॅनिंग बेटाच्या खाजणात साचलेल्या गाळाचा सुमारे तीस टक्क्यांपर्यंतचा भाग स्पंजांनी फेकलेल्या कणांचा असल्याचे १९७४ मध्ये दाखविण्यात आले. पोखरलेल्या प्रवाळातील पोकळ्यांत किडे, कोळंब्यांची पिले आणि इतर शेकडो जीव आसरा घेतात. क्रिटेशस काळातील, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्याही आधीच्या शिंपल्यांच्या जीवाश्मांत हीच भोके विपुल आढळतात. प्रवाळ बांधीत असतो आणि स्पंज मोडीत असतो. बांधणे मोडण्याहून किंचित अधिक असेल तोवर प्रवाळाचा खडक वाढत राहतो.

प्रश्न आहे तो हा तोल बिघडण्याचा, आणि येथे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. स्पंजाचे अन्न म्हणजे पाण्यातील जीवाणू व सेंद्रिय कण. सांडपाणी समुद्रात मिसळले की या अन्नाची रेलचेल होते. प्रवाळाला मात्र स्वच्छ, नितळ पाणी लागते, कारण त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला सूर्यप्रकाश हवा. म्हणजे एकाच सांडपाण्याने बांधणारा उपाशी राहतो आणि मोडणारा पुष्ट होतो. हा केवळ तर्क नव्हे. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर सांडपाण्याने दूषित झालेल्या प्रवाळपट्ट्यात क्लायोना डेलिट्रिक्स या जातीचे प्रमाण वाढल्याचे रोझ व रिस्क यांनी १९८५ मध्ये नोंदविले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, १९९८ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडल्यानंतर, क्लायोना ओरिएंटालिस ही जात वाढलेली आढळली. समुद्राचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून अधिक आम्ल होते, तेव्हा ही जात अधिक वेगाने खोदते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. कडा विरघळविण्याचे काम पाणीच सोपे करून देते, असे समजावे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. सांडपाणी आहे. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळ आहेत, तेथील २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. अशा किनाऱ्यावर पर्यटक वाढतात, खानावळी व निवासगृहे वाढतात आणि त्यांच्या टाक्यांचे पाणी कोठे जाते हा प्रश्न ग्रामसभेत सहसा कोणी विचारीत नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. विहिरीचे पाणी ज्या वाटेने झिरपते त्याच वाटेने शौचकूपाचेही झिरपते. तेव्हा बांधकामाचा ना-हरकत दाखला देताना टाकीची आणि शोषखड्ड्याची जागा प्रत्यक्ष पाहणे, गटाराचे तोंड थेट खाडीत उघडू न देणे, मासळीबाजाराचे धुणे गाळून सोडणे, ही कामे पंचायतीने आपल्या विहिरींसाठी करावयाचीच असतात. त्यांचा लाभ कालवांना आणि प्रवाळांनाही होतो, इतकेच मला सांगावयाचे आहे. शहरांच्या तुलनेत आमच्या गावाचे सांडपाणी ते किती, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. खाडीही लहानच असते, हे त्याचे उत्तर.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सांगून मी माझे भाषण संपवितो. त्याला खर्च नाही. ओहोटीच्या रेषेवरून भोके पडलेला, शक्य तर ओला आणि भोकांत पिवळसर गर असलेला सुटा शिंपला घ्यावा. अभयारण्याच्या हद्दीतून काही उचलू नये आणि प्रवाळाला तर कोठेही हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शिंपल्याचा लहान तुकडा काचेच्या पेल्यात ठेवून त्यावर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे येतील, तो चुना विरघळत असल्याचा पुरावा. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदलावे, लागल्यास तिसऱ्या दिवशीही. शिंपला नाहीसा होत जाईल आणि त्याच्या भिंतीत दडलेले स्पंजाचे जाळीदार अंग पेल्यात मोकळे राहील. त्याचा कणभर भाग काचपट्टीवर चुरडून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. डोके असलेल्या टाचण्यांसारख्या बारीक कंटिका दिसतील. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. त्या वाळूच्याच जातीच्या द्रव्याच्या, सिलिकेच्या, असल्यामुळे व्हिनेगरमध्ये विरघळत नाहीत. कंटिकांच्या आकारावरूनच शास्त्रज्ञ या स्पंजांच्या जाती ओळखतात. मुलांना त्यांचे चित्र वहीत काढावयास सांगावे आणि शिंपला कोणत्या जागी, कोणत्या तारखेस सापडला हे चित्राखाली लिहावयास लावावे.